दारातल्या निंबाला दोन कड्या

शेतकऱ्याच्या घरात व्यायामाचा विषय काढला, की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर ऐकायला मिळते. “साहेब, दिवसभर रानात राबतो, आणखी कसला व्यायाम?” या उत्तरात तथ्य आहे, पण ते निम्मेच आहे. शेतातले बहुतेक काम खाली वाकून होते. खुरपणी, लावणी, कापणी, वेचणी, धार काढणे, पेंढ्या उचलणे, या सगळ्यांत पाठ वाकलेली, खांदे पुढे आलेले आणि हात छातीच्या खाली असतात. हात डोक्यावर नेऊन सगळ्या अंगाचा भार त्यांच्यावर पेलायची वेळ आता फारशी येत नाही. मोट गेली, रहाट गेला, मळणीयंत्र आले. राबणूक उरली, पण ती एकांगी झाली.

म्हणूनच पन्नास किलोचे पोते लीलया पाठीवर घेणारा तरणाबांड गडी फांदीला लोंबकळून हनुवटी वर न्यायला सांगितली, की दोन-तीनदा उचलतो आणि हात सोडतो. यात लाजण्यासारखे काही नाही. ज्या कामाची अंगाला सवय नाही, ते काम अंग करणार तरी कसे?

ही गोष्ट पूर्वी गमतीची होती, आता ती अनेक घरांच्या पोटापाण्याशी येऊन भिडली आहे. सैन्यभरतीच्या मेळाव्यात १.६ किलोमीटर धावण्याबरोबर आडव्या दांड्यावर अंग वर उचलावे लागते. मुले त्याला ‘बीम’ म्हणतात. अग्निपथ योजना २०२२ साली आली, तरी ही कसोटी राहिली. दहा वेळा हनुवटी दांड्यावर नेली, की त्या कसोटीचे पूर्ण गुण मिळतात. संख्या घटते तसे गुण घटतात. गावोगावची पोरे पहाटे डांबरी रस्त्यावर धावताना दिसतात. धावण्यात ती तयार होतात आणि बीमवर चौथ्या-पाचव्या उचलीला अडकतात. भरतीला वयाची मर्यादा असते. एक संधी हुकली, की घरातल्या कोरडवाहू चार एकरांवर आणखी एक माणूस वाढतो. आईबाप बोलून दाखवत नाहीत, पण हिशेब सगळ्यांना कळतो.

या अडचणीवर एक साधा, कमी खर्चाचा आणि घरच्या घरी करता येण्यासारखा उपाय आहे. तो म्हणजे दोन टांगत्या कड्या.

कड्या कुठून आल्या?

जिम्नॅस्टिक्सच्या खेळात या कड्यांना ‘रिंग्ज’ म्हणतात. आपल्याकडे ‘रोमन रिंग्ज’ हेही नाव रुळले आहे. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक झाले, त्यातही कड्यांची स्पर्धा होती आणि ग्रीसच्या इओआनिस मित्रोपुलोसने ती जिंकली. अलीकडे चीनच्या लियू यांगने २०२१ साली झालेल्या टोकियोच्या आणि २०२४ च्या पॅरिसच्या, अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये कड्यांचे सुवर्णपदक मिळवले.

आपल्या मातीला हा विचार परका नाही. स्वतःच्या अंगाचा भार स्वतःच्या हातापायांवर पेलणे हेच तर मल्लखांबाचे सूत्र. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले, असे मानले जाते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला जाऊन देशी व्यायामाची प्रात्यक्षिके दाखवली होती. दोरीच्या मल्लखांबावर चढणाऱ्या मुलीचे खांदे आणि मनगटे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना कड्यांचा उपयोग वेगळा समजावून सांगायला नको.

कड्यांचा विशेष असा, की दांडा स्थिर असतो आणि कडी फिरते. दांड्यावर मनगट दांड्याला जुळवून घेते. कडी उलट मनगटाला जुळवून घेते. त्यामुळे कोपरावर आणि खांद्यावर वेडावाकडा ताण कमी येतो. शिवाय कडी हलती असल्याने तिला स्थिर धरण्यासाठी खांद्याभोवतीच्या लहानमोठ्या सगळ्याच स्नायूंना कामाला लागावे लागते. पट्ट्याची लांबी बदलली, की त्याच दोन कड्यांवर आठ वर्षांच्या पोरापासून साठीच्या गृहस्थापर्यंत ज्याला जेवढे झेपेल तेवढा व्यायाम करता येतो.

टांगायच्या कशाला?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा. कड्या तुटून क्वचितच अपघात होतो; वरचा आधार निघून होतो.

आधी भाराचा हिशेब समजून घेऊ. सत्तर किलोचा माणूस शांत लोंबकळला, तर आधारावर सत्तर किलोच भार येतो. पण त्याने मोठा झोका घेतला आणि हात जमिनीला समांतर होईपर्यंत वर जाऊन तो खाली आला, तर सगळ्यात खालच्या टप्प्याला तोच भार तिप्पट, म्हणजे दोनशे दहा किलो होतो. हिसका बसला तर निराळेच. म्हणून आधार हा माणसाच्या वजनाच्या तिप्पट-चौपट भार सोसणारा हवा, आणि घरच्या कड्यांवर मोठे झोके घ्यायचे नाहीत.

*झाड :* दारात चिंच, बाभूळ किंवा जुना कडुनिंब असेल तर उत्तम. फांदी जिवंत, जमिनीला शक्यतो आडवी, निदान सहा इंच जाडीची असावी आणि कड्या बुंध्यापासून तीन-चार फुटांच्या आतच बांधाव्यात. शेवगा, पांगारा आणि जांभूळ यांच्या फांदीवर विसंबू नये. ती हिरवी दिसते आणि काडकन मोडते. आंब्याच्या फांदीत खोडकिडा असेल तर बाहेरून पुष्कळदा कळत नाही; सालीवर भोके, भुसा किंवा डिंक दिसला की ती फांदी सोडावी. ढोली, अळंबी किंवा चीर असलेली फांदी कोणत्याही झाडाची असो, नकोच. पट्ट्याखाली गोणपाटाच्या दोन-तीन घड्या घालाव्यात, म्हणजे साल सोलली जाणार नाही. खिळे ठोकू नयेत आणि दोर कायमचा आवळून ठेवू नये. फांदी जाड होत जाते, दोर तिला गळफासासारखा कापतो आणि वर्षा-दोन वर्षांत तीच फांदी दगा देते.

*तुळई :* जुन्या घराच्या ओटीवर झोपाळ्याच्या कड्या असतील, तर अर्धे काम झाले. तरीही सुताराला बोलावून तुळई तपासून घ्यावी. हातोडीने ठोकत जावे. भरीव लाकडाचा आवाज खणखणीत येतो, पोकळाचा भद्द येतो. तुळईची भिंतीत शिरलेली टोके विशेष पाहावीत. तिथे ओल राहते आणि वाळवी आधी तिथेच लागते. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, किंवा पेचकस दाबल्यावर लाकडात सहज शिरला, तर त्या तुळईला काही टांगू नये. संशय असेल तर वजन लटकवून पाहण्याचाही मोह टाळावा. छपरासकट खाली यायची.

*कशाला टांगू नये :* स्लॅबमधल्या पंख्याच्या हुकाला मुळीच नाही. तो पंख्यासाठी असतो. गोठ्याच्या किंवा पत्र्याच्या शेडच्या अँगलला नाही. तो पत्र्याचे वजन आणि वारा सोसायला बसवलेला असतो, एका जागी लटकणाऱ्या माणसासाठी नव्हे. विजेच्या तारेखाली, विहिरीच्या काठी आणि जिथे नांगर, कुळव, पहारी पडलेल्या असतात तिथेही नाही.

*स्वतंत्र चौकट :* झाड नाही, तुळई नाही, तर दोन इंची जाड पाइपाची चौकट करावी. वीस फुटी दोन पाइपांत काम होऊन तुकडा उरतो. खांब साडेअकरा फुटांचे घ्यावेत. तीन फूट जमिनीत, साडेआठ फूट वर. आडवा पाइप पाच फुटांचा. जमीन काळी असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खांब सैल होतात. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा, लागेल तेवढा खांब लांब घ्यावा आणि एकास दोन, एकास चार या प्रमाणातले सिमेंट काँक्रीट भरावे. ते आठ-दहा दिवस ओले ठेवावे आणि तीन आठवडे तरी चौकटीला हात लावू नये. पोरांना हे तीन आठवडे जड जातात, पण तिथे घाई नको.

कड्या आणि पट्टे

स्पर्धेतल्या कडीचा आतला व्यास १८ सेंटिमीटर आणि जाडी २८ मिलिमीटर असते. दोन कड्यांमधले अंतर ५० सेंटिमीटर, म्हणजे साधारण वीस इंच. घरी हीच मापे ठेवावीत. बाजारात लाकडी कड्या पट्ट्यांसह मिळतात. त्या घेणे परवडत असेल तर तेच बरे, कारण लाकूड हाताला चांगले धरते.

गावातच करून घ्यायच्या असतील, तर पाऊण इंची काळ्या लोखंडी पाइपाच्या कराव्यात. त्याची बाहेरची जाडी २७ मिलिमीटरच्या जवळ असते. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वेल्डिंगला नको. त्याचा धूर वेल्डरच्या छातीला अपायकारक असतो. जोड चारी बाजूंनी पूर्ण भरलेला आणि घासून गुळगुळीत केलेला हवा. टांगताना तो जोड वर पट्ट्याखाली येऊ देऊ नये, खाली मुठीतही नको, बाजूला ठेवावा. कडीवर सुती पट्टी घट्ट गुंडाळली, की हात घसरत नाही. प्लास्टिकच्या पाण्याच्या पाइपाच्या कड्या करू नयेत. तो पाइप उन्हाने ठिसूळ होतो आणि पूर्वसूचना न देता तुटतो.

दोराच्या बाबतीत शेतकऱ्याला काय सांगावे! तरीही दोन शब्द. घरातला जुना कासरा किंवा दावे यासाठी वापरू नये. अंबाडीचा आणि घायपाताचा दोर ओलीने आतून कुजतो. निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर उन्हात पडून भुसभुशीत होतो. पिळून पाहिला की पांढरी भुकटी सुटते. ट्रॉलीतला माल आवळायचा विणीचा नवा पट्टा सगळ्यात चांगला. त्याच्या चिठ्ठीवर तो किती किलो सोसतो हे छापलेले असते. प्रत्येक पट्टा निदान अडीचशे किलोचा घ्यावा. बक्कल ओवल्यावर पट्ट्याचे टोक वीतभर तरी बाहेर राहू द्यावे. पट्टे खताच्या पोत्यांशेजारी, औषधांच्या बाटल्यांजवळ किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीशेजारी ठेवू नयेत. बॅटरीतले आम्ल नायलॉन खाते आणि खत लोखंड गंजवते.

दोन्ही कड्या एका पातळीत आहेत की नाहीत, हे पारदर्शक नळीत पाणी भरून पाहता येते. बांध घालताना आपण करतो तेच.

पहिली चाचणी पोत्यांची

माणूस लटकवण्याआधी पोती लटकवावीत. दोन्ही कड्यांतून एक मजबूत पहार आडवी घालावी आणि तिला वाळूच्या पिशव्या बांधाव्यात. युरियाची गोणी आधी पन्नास किलोची असे, २०१८ पासून ती पंचेचाळीसची झाली. पण त्याच गोणीत वाळू गच्च भरली तर दुपटीच्या घरात वजन जाते. म्हणून अंदाजाने न भरता काट्यावर पन्नास-पन्नास किलोच्या पाच पिशव्या कराव्यात. पिशव्या जमिनीपासून वीतभरच उंच असाव्यात. तासभर तशाच ठेवाव्यात आणि त्या वेळात खाली कुणी उभे राहू नये. नंतर फांदी, पट्टा, बक्कल आणि जोड बारकाईने पाहावेत. कुठे चीर, ताणलेला टाका किंवा वाकलेले लोखंड दिसले, तर दुरुस्ती आधी आणि व्यायाम नंतर.

कड्यांखाली चार हात लांब-रुंद जागेत टीचभर खोल चाळलेली माती किंवा वाळू घालावी, आखाड्यात असते तशी. भुसा किंवा पाचट घालू नये, पाय घसरतो. शहाबादी फरशीवर तर कड्या नकोतच.

सुरुवात कशी करावी?

आठवड्यातून तीन दिवस पुरे, मध्ये एक-एक दिवस विश्रांती. वेळ पहाटेची, धारा काढून झाल्यावर आणि न्याहारीच्या आधी. आधी खांदे, मनगटे फिरवून अंग गरम करावे.

*पहिले चार आठवडे.* कड्या छातीच्या उंचीवर ठेवाव्यात. कड्या धरून पाय पुढे सरकवत अंग मागे तिरके करावे आणि छाती कड्यांपर्यंत ओढावी. आठ वेळा, अशा तीन फेऱ्या. जड वाटले तर पाय मागे घ्यावेत, हलके वाटले तर पुढे. नंतर कड्या वर चढवून नुसते पंधरा सेकंद लोंबकळावे, तीन वेळा. शेवटी कड्या कमरेइतक्या उंच ठेवून, हात सरळ करून त्यांवर टेकू घ्यावा; पायाची बोटे जमिनीला लागलेली राहू द्यावीत. दहा सेकंद, तीन वेळा. हात थरथरतील. तो थरकाप महिन्याभरात कमी होतो.

*पाचवा ते आठवा आठवडा.* स्टुलावर चढून हनुवटी कड्यांच्या वर घ्यावी, पाय सोडावेत आणि पाच आकडे मोजत सावकाश खाली यावे. तीन वेळा, तीन फेऱ्या. अंग वर उचलायची ताकद याच उतरण्यातून येते. जोडीला कड्या खाली आणून त्यांवर जोर काढावेत.

*नववा ते बारावा आठवडा.* आता पूर्ण उचल. एका दमात पाचच होत असतील, तरी हरकत नाही. तीन-तीनच्या पाच फेऱ्या कराव्यात. शेवटच्या उचलीला पाय झाडून, हिसके देऊन वर जाऊ नये. भरतीच्या मुलांनी मेळाव्याआधीचे सहा आठवडे निम्मा सराव आडव्या दांड्यावर करावा. कसोटी दांड्यावर असते, कड्यांवर नाही. आणि चालू वर्षाच्या जाहिरातीतले निकष स्वतः वाचून घ्यावेत. कट्ट्यावरच्या ऐकीव माहितीवर राहू नये.

एक नियम सगळ्यांना. स्नायू लवकर वाढतो, पण त्याला हाडाशी बांधणारी कंडरा सावकाश बळकट होते. म्हणून महिन्याभरात जोम आल्यासारखा वाटतो आणि त्याच वेळी कोपर दुखू लागते. कोपर किंवा खांदा दुखला तर आठ दिवस थांबावे आणि पुन्हा खालच्या पायरीपासून चढावे. टीव्हीवर दिसतो तो हात पसरून केलेला क्रूस घरी करून पाहू नये. त्याच्यामागे वर्षानुवर्षांची शिकवण असते.

घरातल्या बायांनी, मुलींनीही करावे

ऑलिंपिकमध्ये कड्यांची स्पर्धा फक्त पुरुषांची असते, एवढ्यावरून कड्या पुरुषांच्याच असे समजू नये. दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईला मागे ओढण्याचा तो पहिला, तिरका व्यायाम विशेष उपयोगी आहे. पुढे झुकलेले खांदे मागे आणणारे पाठीचे स्नायू त्याने जागे होतात. दहा मिनिटे लागतात, पदर खोचला की पुरते. मुलींची भरतीची तयारी असो वा नसो, त्यांना या कड्यांवरून हाकलू नये.

गरोदर स्त्रिया, रक्तदाबाचे आणि हृदयविकाराचे रुग्ण, तसेच ज्यांचा खांदा पूर्वी निखळला आहे, अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कड्यांना हात लावू नये.

लहान मुलांची काळजी

हा परिच्छेद घरातल्या प्रत्येकाने वाचावा. टांगता पट्टा हा लहान मुलाला झोका वाटतो. त्याच्या फासात मान अडकली, तर ओरडायलाही सवड मिळत नाही. म्हणून व्यायाम संपला, की कड्या काढून घरात ठेवाव्यात, किंवा पट्टे गुंडाळून मुलांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंच अडकवाव्यात. एक दिवसही यात ढिलाई नको. मुले मोठ्यांच्या देखत, जमिनीला पाय टेकतील अशा उंचीवर खेळोत. उलटे लटकणे कुणाच्या सोबतीशिवाय नाही.

हात आणि फवारणी

नवशिक्याच्या तळहाताला फोड येतात, घट्टे सोलतात. अशा हाताने कीटकनाशक हाताळू नये. फाटलेल्या कातडीतून विष अंगात लवकर शिरते. फवारणीच्या दिवशी व्यायामाला सुट्टी, आणि हात सोलला असेल तर फवारणी दुसऱ्याकडे द्यावी किंवा पुढे ढकलावी. हातमोजे तर एरवीही हवेतच. ऊसतोड, पेरणी, सोंगणी अशा धबडग्याच्या दिवसांत आठवड्याला एकच दिवस व्यायाम केला तरी कमावलेले टिकते. पावसाळ्यात ओल्या फांदीला लटकू नये. ओटी किंवा पडवी नसेल तर सरळ जोर-बैठका काढाव्यात.

खुराक घरचाच

ताकद व्यायामाने मागितली जाते आणि अन्नाने दिली जाते. साधारण माणसाला दर किलो वजनामागे रोज पाऊण ग्रॅमच्या थोडी वर प्रथिने लागतात. असा व्यायाम करणाऱ्याला सव्वा ते दीड ग्रॅम. साठ किलोच्या मुलाला म्हणजे पंच्याहत्तर ते नव्वद ग्रॅम. त्यासाठी बाजारातला महागडा डबा आणायची गरज नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास, हरभऱ्यात वीसच्या आसपास, एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारीच्या भाकरीत जे कमी पडते ते डाळ भरून काढते. आपली भाकरी-आमटी ही शास्त्राला धरूनच आहे.

अडचण निराळीच आहे. सगळे दूध डेअरीला जाते, अंडी बाजाराला जातात आणि शेंगा पोत्यांत बांधल्या जातात. ज्या घरातून हे सगळे बाहेर पडते, त्याच घरातले पोर चहात पाव बुडवून पहाटे धावायला जाते. दोन्ही वेळच्या धारेतले पेलाभर दूध आणि मूठभर शेंगदाणे घरच्या मुलांच्या नावाने आधी बाजूला काढावेत आणि मग मापाला जावे. मुलीच्याही नावाने.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पट्टा, बक्कल, फांदी आणि जोड पाहायचे, हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावे. पट्ट्याची कड उसवलेली दिसली, की तो त्याच दिवशी बदलावा. उसवलेला पट्टा भारे बांधायला चालतो, माणूस टांगायला नाही.